शिवाजीनगरची गाडी, वाकडेवाडीचा फलाट : ऑनलाइन तिकिटावर पुणे-नाशिक-पुणे

शिवाजीनगरची एसटी शिवाजीनगरहून सुटत नाही. मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं आणि तेव्हापासून नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, मराठवाडा, विदर्भाकडच्या गाड्या तिथूनच सुटतात. लोकांच्या तोंडी नाव मात्र अजून शिवाजीनगरच. त्यामुळे पुण्यात नवीन आलेली मुलं मोबाइलवर तिकीट काढतात, मेट्रोनं शिवाजीनगरला उतरतात आणि स्टँड शोधत बसतात. आमच्या गाडीत चढलेली एक कॉलेजची मुलगी अशीच रिक्षातून धापा टाकत पोचली होती. शिवाजीनगर मेट्रो ते वाकडेवाडी हे अंतर रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांचं, पण सकाळी जुन्या मुंबई रस्त्यावर गर्दी लागली तर दुप्पटही लागतात. तेवढी सवड ठेवूनच घर सोडा.

आम्ही तिघी निघालो होतो, मी, आई आणि आत्या. नाशिकला नात्यातली मुंज होती. जाताना एसटी आणि येताना खासगी ट्रॅव्हल्स असं ठरवलं, कारण परतीच्या दिवशी हवी त्या वेळची एसटी भरलेली होती. दोन्हीकडचं तिकीट मोबाइलवरच काढलं, त्यामुळे दोहोंतला फरकही नीट पाहता आला.

एसटी महामंडळाच्या अ‍ॅपवर तिकीट काढताना सर्वांत जास्त वेळ द्या तो प्रवाशांची माहिती भरताना. सवलत तिथेच निवडायची असते. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे, साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत. ७५ पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ मधल्यांना निम्मं भाडं. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली, आई आणि मी अर्ध्या तिकिटात, म्हणजे तिघींचं मिळून एका माणसाचं भाडं झालं. वर आरक्षणाचा आकार, तो मोफतवाल्यांनाही द्यावा लागतो. आत्याला ते पटलं नाही. ‘फुकट म्हणायचं आणि पैसे घ्यायचे,’ असं ती चाकणपर्यंत म्हणत होती.

नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. घरात ‘माई’ म्हणतात म्हणून तिकिटावर माई लिहिलं तर कंडक्टरच्या हातातल्या यादीत माई येते आणि कार्डावर भलतीच बाई. वयही नीट टाका, कारण सवलत त्यावरच ठरते. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. कुणी पुण्याहून बेळगाव किंवा पणजीचं तिकीट काढणार असेल तर हिशेब वेगळा होईल.

आता गाडी निवडणं. यादीत एकाच तासात चार-पाच गाड्या दिसतात आणि आपण वेळ बघून बोट ठेवतो. वेळेच्या आधी गाडी मुळात कुठून सुटते ते बघा. पुण्याहूनच सुटणारी गाडी फलाटावर आधी येऊन उभी असते. कोल्हापूर, सातारा किंवा सोलापूरहून पुण्यावरून नाशिकला जाणाऱ्या गाडीची पुण्यातली वेळ हा अंदाज असतो. खंबाटकी घाटात किंवा हडपसरला ती अडकली तर तुम्ही वाकडेवाडीच्या बाकावर बसून राहता. बरोबर वयस्कर माणूस असेल तर पुण्याहून सुटणारी गाडीच घ्यावी, मग ती अर्धा तास उशिराची का असेना.

रात्रीच्या गाड्यांचं आणखी एक. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी बारा वाजून पंधरा मिनिटांची असेल, तर तिकिटावर तारीख रविवारची हवी. खासगी गाड्यांच्या तिकिटांतही हा घोळ नेहमी होतो.

जागेबद्दल माझं ठाम मत आहे. पुणे-नाशिक रस्ता सरळ उत्तरेला जातो. सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं, आणि दुपारी परतताना, तोंड दक्षिणेला झाल्यामुळे, पुन्हा उजवीकडूनच. म्हणून दोन्ही वेळा डावी बाजू, म्हणजे दाराकडची, घ्या. एसी गाडीच्या काचेतूनही दुपारचं ऊन चांगलंच भाजतं. मागच्या चाकावरची जागा आणि शेवटची रांग टाळा, एवढं सांगायची गरज एसटीनं वाढलेल्या माणसाला नाही.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, असं कुठल्याही अ‍ॅपवर होऊ शकतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी अ‍ॅपमध्ये आपली आरक्षणं उघडून बघा, तिकीट कधी कधी तिथे येऊन बसलेलं असतं आणि फक्त एसएमएस उशिरा येतो. तिकीट आलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून बरोबरच्या माणसालाही पाठवा. ऐन वेळी मोबाइलचं नेट गेलं तरी अडत नाही.

वाकडेवाडीला पोचल्यावर फलाट शोधायला पाट्यांवर विसंबू नका. चौकशीच्या खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकाच्या केबिनपाशी तिकिटातली वेळ सांगून विचारा. ‘नाशिकची कुठली?’ असं विचारलं तर ‘साडेसातची ई-शिवाई’ असं वेळ आणि प्रकार दोन्ही सांगा, कारण नाशिकच्या दोन-तीन गाड्या एकदम लागलेल्या असतात आणि नुसत्या ‘नाशिक’ला कुणीही कुठलंही बोट दाखवतं. ई-शिवाई म्हणजे विजेवर चालणारी गाडी. यातली पहिली १ जून २०२२ ला पुणे-अहिल्यानगर मार्गावर धावली. १९४८ साली त्याच तारखेला, त्याच दोन गावांदरम्यान एसटीची पहिली गाडी सुटली होती. ई-शिवाईला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे आत्याला गाडी सुटल्याचं फलाट मागे जायला लागल्यावर कळलं.

कंडक्टर आरक्षणाची यादी घेऊन येतो. त्याला पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा आरक्षण क्रमांक दाखवायचा, नंतर ओळखपत्र. आमच्याकडे आल्यावर त्यानं आधी आत्याकडे बघितलं. ‘आजी, आधार आहे ना? खरं दाखवा, झेरॉक्स नको.’ आत्यानं पिशवीच्या तळातून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढलं. मागच्या बाकावरच्या काकांकडे कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यांची ज्येष्ठांची सवलत गेली आणि फरकाचं भाडं भरावं लागलं. कंडक्टर शांतपणे म्हणाला, ‘चेकिंग लागलं तर माझ्यावर येतं, काका.’ त्याचंही बरोबर होतं. तेव्हा मूळ ओळखपत्र सामानात नको, हाताशी ठेवा.

आरक्षित जागेवर कुणी बसलेलं असेल तर वाद न घालता कंडक्टरला हाक मारा. एसटीत विनाआरक्षण माणूस सुटायच्या वेळेपर्यंत कुठेही बसतो, यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि तिकीट दाखवल्यावर बहुतेक जण उठतातही.

रस्ता भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा. अंतर २१० किलोमीटरच्या आसपास, पण चाकण कधी ओलांडाल यावर सगळं अवलंबून. कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून सकाळी जितकं लवकर निघाल तितकं बरं. मंचर-नारायणगावच्या मंडळींसाठी महत्त्वाचं म्हणजे तिथे आता बाह्यवळण रस्ते झालेत आणि विनाथांबा गाड्या गावात शिरत नाहीत. मधल्या गावी चढायचं किंवा उतरायचं असेल तर अ‍ॅपमध्ये त्या गाडीचा थांबा दिसतो का ते बघूनच तिकीट काढा. कंडक्टर भला असेल तर फाट्यावर उतरवील, पण तिथून पुढे सामान घेऊन चालायची तयारी हवी.

चहाच्या थांब्यावर उतरताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. हॉटेलसमोर एकसारख्या पाच गाड्या उभ्या असतात.

नाशिकमध्ये गाडी आधी नाशिक रोडला, मग द्वारका चौकावरून ठक्कर बाजारला, म्हणजे नव्या सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) जाते. तुमचं घर नाशिक रोडकडे असेल तर शेवटपर्यंत जाऊन उलटं येऊ नका.

परतीचं खासगी तिकीट हा निराळा प्रकार. एसटीत ठिकाण पक्कं असतं, कुरकुर वेळेची. खासगीत ठिकाणाचाच पत्ता नसतो. आमच्या तिकिटावर चढायची जागा नुसती ‘द्वारका’ होती. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता मिळतात, वरून उड्डाणपूल जातो, आणि खाली कुठल्या कोपऱ्यावर उभं राहायचं ते कोण सांगणार? गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन सुटायच्या तासभर आधी मेसेजनं आला. फोन केला तर ‘पाच मिनिटांत येतोय, पंपासमोर थांबा.’ पंप कुठला, ते दुसऱ्या फोनला कळलं. आई आणि आत्या सामानाशी, मी रस्त्याच्या कडेला हात करायला, अशी आमची अर्ध्या तासाची पहाऱ्याची पाळी झाली. आणि आली ती गाडी अ‍ॅपमधल्या फोटोतली नव्हतीच.

म्हणून खासगीचं तिकीट काढताना चढायच्या ठिकाणांच्या यादीत ट्रॅव्हल्सचं कार्यालय असेल तर तेच निवडा. तिथे बसायला खुर्ची आणि विचारायला माणूस मिळतो. गाडी कुठवर आली ते दाखवणारी लिंक आली असेल तर ती उघडा, ड्रायव्हरच्या ‘पाच मिनिटां’पेक्षा ती खरी. महिला एकट्या असतील तर जागांच्या नकाशात शेजारची जागा महिलांसाठी राखीव दिसतेय का ते बघा. रद्द करण्याचे नियम प्रत्येक ट्रॅव्हल्सचे वेगळे असतात, ते पैसे भरण्याच्या आधी वाचायचे. सणासुदीला भाडं भलतंच दिसलं तर एक आठवा, राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयाप्रमाणे खासगी गाडीला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारता येत नाही. तक्रार आरटीओकडे करायची, आणि त्यासाठी तिकीट जपून ठेवायचं.

पुण्यात शिरताना संध्याकाळ झाली असेल तर वाकडेवाडीपर्यंत बसून राहू नका. भोसरी संपता संपता सामान आवरा आणि नाशिक फाट्याला उतरा. तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, लिफ्टही आहे, आणि स्वारगेटपर्यंत एकच गाडी जाते. आम्ही तेच केलं. आत्यानं मेट्रोच्या तिकिटात ज्येष्ठांना काय सवलत आहे ते खिडकीवर दोनदा विचारलं.