एका रेषेत आलेले अँड आणि ऑर

नाशिक शाखेच्या थकबाकीदारांच्या यादीत सोलापूर, कोल्हापूरचे कर्जदार शिरले होते. नोटिसा छापून झाल्या होत्या, टपालात पडल्या नव्हत्या, एवढंच नशीब.

आमच्याकडची निम्मी एसक्यूएल (डेटाबेसला माहिती विचारायची भाषा) एका ओळीत कोंबलेली असते. ही यादी काढणारी क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, मात्र दृष्ट लागावी अशी होती. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर एका कडेला, कॉलम दुसऱ्या कडेला. व्हेअरमध्ये, म्हणजे अटींच्या भागात, पहिल्या ओळीत शाखा नाशिक, दुसरीत अँड स्थिती 'थकीत', आणि तिसरी ओळ चार स्पेस आत सरकवलेली: ऑर स्थिती 'अंशतः थकीत'. कुणालाही वाटावं की शेवटच्या दोन अटी एकत्र आहेत. पण कंस नव्हता! डेटाबेसच्या लेखी त्या चार स्पेसना काडीची किंमत नाही. तो अँड आधी जुळवतो, ऑर नंतर. म्हणजे नाशिकचे थकीत, अधिक महाराष्ट्रभरचे अंशतः थकीत.

मग इतके महिने निभावलं कसं? अंशतः भरणा घ्यायची सोय आतापर्यंत नाशिकलाच होती. बाकीच्या शाखांना ती याच महिन्यात मिळाली.

सगळे जॉइनवर, म्हणजे दोन तक्ते जोडणाऱ्या भागावर, संशय धरून बसले होते. मी क्वेरी फॉरमॅटरमधून, म्हणजे मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलमधून, काढली. त्याने हाताने दिलेल्या स्पेस पुसल्या, अँड आणि ऑर एकाखाली एक आणून ठेवले, आणि चोर सापडला.

दुरुस्ती म्हणजे कंसाची एक जोडी. लीड म्हणाला, "जाता जाता अख्खी फाइल फॉरमॅट करून टाक." मी नाही म्हटलं. शेकडो बदललेल्या ओळींच्या डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधल्या फरकात) तो कंस कुणाला दिसला असता? डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मॅडमनीही बाकीच्या क्वेरींना हात लावू दिला नाही. ओरॅकल, म्हणजे आमचा डेटाबेस, क्वेरीचा मजकूर अक्षरन् अक्षर ताडून बघतं. एक स्पेस वाढली तरी क्वेरीची ओळख असलेला एसक्यूएल आयडी बदलतो, हार्ड पार्स (क्वेरी पहिल्यापासून तपासून ती कशी चालवायची ते ठरवणं) नव्याने होतो, आणि त्यांचं मॉनिटरिंग त्या आयडींवरच चालतं.

मला राहून राहून वाटतं, ती क्वेरी गबाळी असती तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी नक्की अडकलं असतं. तिघांनी ती पास केली होती, आणि एकाने वर 'नीटनेटकी' असा शेराही मारला होता.

संध्याकाळी मॅनेजरचा मेल आला: यापुढे प्रत्येक क्वेरी नीट इंडेंट केलेली (ओळी आत सरकवून मांडलेली) असावी. कंसांबद्दल त्यात चकार शब्द नाही.