हेलाच्या लेनमधला न दिसणारा पी५३

सकाळी आठला पी५३चा ब्लॉट बघितला. पी५३ म्हणजे पेशीला कर्करोगापासून राखणारं प्रोटीन; ब्लॉट म्हणजे पेशींतली प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवणं आणि हवं ते प्रोटीन गडद बँड म्हणून दिसणं. सी३३ए आणि हेला, दोन्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी. सी३३एची लेन काळीकुट्ट, हेलाची कोरी. अ‍ॅक्टिनचा ४२ किलोडाल्टनचा बँड मात्र दोन्हीकडे सारखा; हे प्रोटीन सगळ्याच पेशींत असतं. म्हणजे ३०-३० मायक्रोग्रॅम प्रोटीन नीट भरलं होतं, मेम्ब्रेनवर उतरलंही होतं.

"मॅडम, हेलाचं लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, परत बनवू?" विद्यार्थिनीने विचारलं.

"थांब. हेच तर बघायचंय."

हेलात पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. त्यांचं पी५३चं जनुक शाबूत आहे, प्रोटीन बनतंही. पण विषाणूचं ई६ हे प्रोटीन पेशीच्याच ई६एपी या एन्झाइमला पी५३पाशी आणून बसवतं. मग पी५३वर युबिक्विटिन, म्हणजे 'हे मोडा' अशी खूण, चढतं आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. सी३३एत विषाणू नाही, पण पी५३ बिघडलेलं आहे. एरवी पी५३ला मोडायला लावणारं प्रोटीन म्हणजे एमडीएम२, आणि ते पी५३च बनवून घेतं. बिघडलेल्या पी५३ला ते जमत नाही, म्हणून पी५३ साचतं. गडद बँड म्हणजे पी५३ कामावर आहे, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात.

पडताळ्यासाठी ७० टक्के भरलेल्या हेलाच्या तीन डिश घेतल्या: एकीत नुसतं डीएमएसओ (औषधांचं द्रावक), दुसरीत एमडीएम२ला अडवणारं नटलिन-३, तिसरीत प्रोटिएसोम थांबवणारं एमजी१३२. दोन्ही औषधं १० मायक्रोमोलर, वेळ सहा तास. एमजी१३२चा १० मिलिमोलरचा स्टॉक लहान वाटण्या करून उणे २० अंशांवर ठेवावा. तो सारखा वितळवला-गोठवला की जोर जातो. सहा तासांपेक्षा फार पुढे गेलं की पेशी गोल होऊन सुटायला लागतात, मग बँडवर भरवसा राहत नाही. लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, बर्फावर, बफरमध्ये १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड घालून. ते युबिक्विटिन काढणाऱ्या एन्झाइमांना रोखतं; विसरलं तर चढलेलं युबिक्विटिन नळीतच उतरतं.

रात्री साडेनऊला डीएमएसओ आणि नटलिनच्या लेन जवळपास सारख्याच कोऱ्या. तिसरीत ५३ किलोडाल्टनपाशी स्पष्ट बँड आणि त्याच्या वर युबिक्विटिन चढलेल्या पी५३ची धुरकट शिडी. विद्यार्थिनी नटलिनच्या लेनकडेच बघत राहिली, आणि खरं गुपित तिथेच होतं. नटलिन एमडीएम२ला पी५३पासून दूर ठेवतं. तरी पी५३ वाढलं नाही, म्हणजे हेलात त्याचा काटा काढतंय ते एमडीएम२ नाही. ते काम ई६ने आपल्याकडे घेतलंय.

पी५३ १९७९ साली सापडलं तेही एसव्ही४० विषाणूच्या मोठ्या टी प्रोटीनला चिकटून. तो विषाणू त्याला बांधून ठेवतो, हेलातला पॅपिलोमा त्याला संपवतो. दोघांचा नेम एकाच प्रोटीनवर.

उद्या ई६एपीचा सायआरएनए (ठरावीक जनुकाचं प्रोटीन बनणं रोखणारा आरएनएचा तुकडा), ४८ तासांसाठी, आणि शेजारी कशालाही न लागणारा कंट्रोल सायआरएनए.