सड्यावरची धावपट्टी: आधी पाणी, मग दिवे, काच शेवटी

कोकणात विमान उतरवण्याएवढी सपाट जागा हवी असेल तर सडा चढावा लागतो. खाली खाडी, मळे आणि वाड्या, मध्ये उतार, वर जांभ्याचा उघडा सडा. सिंधुदुर्गाचा विमानतळ परुळे-चिपीच्या सड्यावर आहे तो याच कारणाने. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं, धावपट्टी अडीच हजार मीटर लांब. छोट्या विमानतळाची सुधारणा म्हटलं की बातम्यांत टर्मिनलचं चित्र येतं, काचेची दर्शनी बाजू, सरकते जिने. पण सड्यावरच्या विमानतळाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर होते, आणि ती गटारात, केबलच्या खड्ड्यात आणि डांबराच्या वरच्या दोन सेंटीमीटरमध्ये होते. पैसा त्याच क्रमाने लागला पाहिजे.

आधी पाण्याचा हिशोब. अडीच हजार मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद धावपट्टीवर तासाला १०० मिमी पाऊस पडला, तर नुसत्या डांबरावर ११,२५० घनमीटर पाणी जमतं. धावपट्टीभोवतीचा मोकळा पट्टा धरला, म्हणजे २८० मीटर रुंद आणि दोन्ही टोकांना ६०-६० मीटर जास्त, तर आकडा ७३ हजार घनमीटरवर जातो. तासाला १०० मिमी रोज पडत नाही, पण जुलैत एखाद्या सरीत तो दर थोडा वेळ तरी गाठला जातोच. शिवाय आषाढ लागेपर्यंत जांभ्याची छिद्रं तुडुंब भरलेली असतात, सडा पाणी पीत नाही. म्हणजे गटाराचा आकार कोरड्या जमिनीच्या शोषणावर ठरवला तर तो पहिल्या पंधरवड्यापुरताच खरा.

जांभ्याची दुसरी गंमत खालच्या थरात आहे. वर कठीण कवच, खाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकट माती. धावपट्टी सपाट करायला एका बाजूला सडा कापतात आणि दुसऱ्या टोकाला भराव घालतात. कापलेल्या भागात कवच निघून गेलं तर डांबराखाली ही मऊ माती येते, आणि तीच माती भरावात गेली तर टोक हळूहळू खचतं. भरावाच्या पायथ्याशी झरे फुटतात त्याचं कारणही हेच, वरून मुरलेलं पाणी कवच आणि मातीच्या सांध्यातून आडवं सरकतं. पायथ्याशी जाळीच्या दगडी भिंती घातल्या तरी मागे गाळणीचा थर आणि पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या नसतील तर भिंतच पाणी अडवते. झऱ्याचं पाणी गढूळ दिसू लागलं की आतली माती वाहते आहे असं समजायचं आणि थांबायचं नाही.

धावपट्टीवर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे १ ते १.५ टक्के उतार असतो. दीड टक्का धरला तर साडेबावीस मीटरमध्ये जेमतेम ३४ सेंटीमीटर. एवढ्या कमी उतारावर एखादा सेंटीमीटरभर खळगा पडला तरी तिथे डबकं राहतं. पाणी ३ मिमीपेक्षा खोल झालं की वैमानिकाला ‘साचलेलं पाणी’ असा अहवाल जातो. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग काढायचा जुना ठोकताळा आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानाचा दाब साधारण ११५ पीएसआय, उत्तर सुमारे ९६ नॉट. ए-३२० या मोठ्या जेटचा २०० च्या आसपास, उत्तर १२७ नॉट. दोन्ही विमानं याहून जास्त वेगाने टेकतात. म्हणजे टेकण्याच्या जागी साचलेलं पाणी ही सौंदर्याची बाब नव्हे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडच्या सड्यासारख्याच टेबलटॉप, म्हणजे टोकांना उतार असलेल्या उंच सपाटीवरच्या, धावपट्टीवरून विमान पुढे घसरलं तेव्हा धावपट्टी ओली होती आणि वारा पाठीमागून होता. २१ माणसं गेली.

उपाय महागडा नाही, पण वेळच्या वेळी करावा लागतो. डांबरावर आडव्या खाचा पाडतात, प्रचलित माप ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल, ३८ मिमी अंतराने. नव्या डांबरावर लगेच खाचा पाडल्या तर कडा ढासळतात, महिनाभर तरी थांबायला हवं. खाचांत टायरचं रबर भरतं, ते टेकण्याच्या पट्ट्यात उच्च दाबाच्या पाण्याने काढावं लागतं. पकड मोजणारी गाडी ६५ आणि ९५ किमी वेगाने, चाकाखाली १ मिमी पाणी सोडत फिरवतात. हे मोजमाप एप्रिल-मेमध्ये झालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. ऑगस्टमध्ये झालं तर फक्त कागद मिळतो.

आणि एक क्षुल्लक वाटणारी चूक, जी फार ठिकाणी दिसते. डांबराच्या कडेला गवत वाढतं, मुळांत माती अडकते, दरवर्षी थोडी उंची चढते. चार-पाच वर्षांत कडेला बांध तयार होतो आणि धावपट्टी म्हणजे भाताचा वाफा. बाजूची जमीन डांबरापेक्षा तीन-चार सेंटीमीटर खाली हवी आणि पहिल्या तीन मीटरला ५ टक्क्यांपर्यंत उतार चालतो. आगोटीच्या कामांत घराच्या पागोळीखालची माती आपण ओढतोच, तसंच हे, फक्त पाच किलोमीटर लांब. ग्रेडर एकदा फिरवायला काही दिवस लागतात.

मधल्या रेषेपासून ७५ मीटरच्या आत उघडं गटार ठेवता येत नाही, कारण विमान घसरलं तर चाक त्यात जाईल. आतल्या मोऱ्या झाकलेल्या आणि विमानाचं वजन पेलणाऱ्या हव्यात. त्या पुढे कुंपणाच्या भिंतीतून बाहेर पडतात. तिथे गज लावले नाहीत तर कोल्हे आणि कुत्रे आत येतात, बारीक जाळी लावली तर आंब्या-काजूचा पालापाचोळा अडकून पाणी मागे तुंबतं. उभे गज, मध्ये हाताच्या पंजाएवढं अंतर, आणि पावसात रोज एक माणूस फावडं घेऊन. याला पर्याय नाही.

नवा थर टाकायचा तर हंगाम मध्य-ऑक्टोबर ते मे. विमानं चालू असताना काम रात्रीच होतं आणि सकाळी धावपट्टी परत द्यावी लागते. रोजचं काम संपतं तिथे जुन्या-नव्या थरात पायरी उरते, तिथे तात्पुरता उतार करावा लागतो. ५ सेंटीमीटरपर्यंतच्या थराला हा उतार अर्धा ते एक टक्का, म्हणजे ५ ते १० मीटर लांब. त्याहून जाड थराला अर्ध्या टक्क्याच्या वर नाही. घाईत तो दोन-तीन मीटरमध्ये उरकतात आणि दुसऱ्या दिवशी पहिलंच विमान उसळी खातं. रात्री काम करताना समुद्राकडून दमट वारा आणि दव येतं. ओलसर पृष्ठभागावर टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात, मारला तर थर चिकटत नाही, ब्रेकच्या जोराने तो सरकतो. खडीत एक ते दोन टक्के चुना घातला तर पाण्यात डांबर खडीपासून सुटण्याचं प्रमाण बरंच घटतं. वरच्या थराला जांभा चालत नाही, काळ्या दगडाची खडीच लागते.

मोठं विमान आणायचं असेल तर थराची जाडी ठरवणारा आकडा चाकावरचं वजन हा आहे. एटीआर-७२ चं कमाल वजन सुमारे २३ टन, मुख्य चाकं चार, प्रत्येकावर साडेपाच टन. ए-३२० निओ ७९ टन, चाकं तीच चार, प्रत्येकावर साडेअठरा टन. नोव्हेंबर २०२४ पासून फरसबंदीची ताकद सांगायची पद्धत जगभर बदलली आहे, पीसीएनच्या जागी पीसीआर आला. जुना आकडा कोष्टकातून नव्यात उतरवता येत नाही, थरांची माहिती घेऊन नव्याने काढावा लागतो.

आता दिवे. कडेचे दिवे जास्तीत जास्त ६० मीटर अंतराने, म्हणजे अडीच हजार मीटरला दोन्ही बाजू मिळून साधारण ८५. ते घरातल्यासारखे समांतर जोडलेले नसतात. सगळे एका माळेत, ६.६ अँपिअरचा स्थिर प्रवाह, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर, जेणेकरून एक दिवा गेला तरी माळ तुटत नाही. दोन माळा एकाआड एक ठेवल्या तर एक बंद पडूनही धावपट्टीचा आकार दिसतो.

या माळेला अर्थिंग नसतं, आणि कोकणातला घोटाळा तिथूनच सुरू होतो. केबलच्या एका सांध्यात पाणी शिरून प्रवाह जमिनीला लागला तर काहीच होत नाही, सगळे दिवे नीट पेटतात. दुसरा सांधा गेला की दोन बिघाडांमधल्या दिव्यांचा प्रवाह मातीतून पळतो, आणि तेवढेच दिवे मंद होतात किंवा विझतात. म्हणून दर महिन्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावून इन्सुलेशन मोजायचं आणि वहीत लिहायचं. एकटा आकडा फारसं बोलत नाही, मे आणि जुलैमधला फरक बोलतो. मेमध्ये उत्तम आणि जुलैत कोसळणारी माळ म्हणजे पहिला सांधा आधीच गेलेला आहे. शोधायला माळ मध्यावर तोडून दोन्ही अर्धे मोजायचे, वाईट अर्धा पुन्हा अर्धा करायचा.

सांधे बिघडतात ते बहुतेक हाताच्या कामामुळे. केबल सोलताना ब्लेडचा चरा आतल्या थराला लागतो, डोळ्याला दिसत नाही, पाण्याला सापडतो. खड्ड्याच्या तळाला भोक ठेवलं तरी भरलेल्या सड्यात पाणी खाली न जाता त्याच भोकातून वर येतं. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर तळाला न ठेवता चिऱ्याच्या तुकड्यावर उचलून, सांधा त्याहून वर, आणि केबल हातभर मोकळी, म्हणजे सांधा बाहेर काढून कोरड्यात करता येतो. ॲल्युमिनियमच्या दिव्याला स्टीलचा बोल्ट लावताना ग्रीस विसरलात तर खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत तो एकजीव होतो. मग बल्ब बदलायला गेलेला माणूस दिवाच मोडून परततो.

एलईडी लावण्याचा आग्रह असतो आणि वीज वाचते हे खरं. पण हॅलोजनची उष्णता काचेवरचं दव उडवायची, एलईडी ते करत नाही. कडेच्या दिव्यांत हे खपून जातं, पापीत नाही. पापी म्हणजे टेकण्याच्या जागेशेजारचे चार पेटारे, तीन अंशाच्या उतरणीसाठी ३°३०′, ३°१०′, २°५०′ आणि २°३०′ वर बसवलेले. दोन पांढरे, दोन लाल दिसले की वैमानिक बरोबर. भिंगावर दव धरलं तर लाल-पांढऱ्याची रेघ विरघळते आणि खाली असलेल्या विमानालाही पांढरट दिसू शकतं. म्हणून पेटारे पहाटेच्या विमानाच्या बऱ्याच आधीपासून मंद चालू ठेवायचे किंवा आत हीटर असलेलेच घ्यायचे. भरावावर बसवलेल्या पेटाऱ्याचा पाया पावसात कलतो, तेव्हा पावसाळ्यानंतर कोन पुन्हा मोजायचा.

रात्रीचे दिवे कशाला, विमान तर दिवसा येतं, असा प्रश्न असतो. भारतात नजरेने उडण्याच्या नियमांखाली सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी मुभा संपते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, दुपारचं विमान मुंबईत दोन तास रखडलं की रद्द. त्याच नियमांत ५ किमी दृश्यमानता आणि ढगांचा तळ १५०० फुटांवर लागतो, जो जुलैत अनेकदा नसतो. ५ जानेवारी २०२३ पासून पलीकडे गोव्यातल्या मोप्याला विमानं उतरतात. दोनदा विमान रद्द झालेला सावंतवाडीचा प्रवासी तिसऱ्यांदा थेट तिकडेच जातो.

यावर लोक आयएलएस मागतात, म्हणजे कमी दिसत असताना रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा. सड्यावर त्यातली मेख अशी की उतरणीचा कोन दाखवणारा साधा अँटेना समोरच्या सपाट जमिनीवरून परावर्तित लहरी वापरतो, आणि इथे जमीन पुढे दरीत उतरते. उपग्रहावर आधारलेल्या ‘गगन’ प्रणालीला विमानतळावर असा अँटेना लागत नाही. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगडला एटीआर-७२ तिच्या आधारे उतरवून दाखवलं गेलं. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदलेल्या विमानांत गगनचं उपकरण असणं बंधनकारक केलं आहे. छोट्या विमानतळाने आधी गगनच्या आधारे उतरण्याची पद्धत प्रसिद्ध करून घ्यावी. अडथळ्यांचं सर्वेक्षण मात्र नेमकं हवं. मोबाइलचा टॉवर आणि वाढलेली माडाची झाडं नकाशात नसतील तर उतरण्याची किमान उंची वर जाते. असे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रातच जाहीर होतात, मोठ्या बदलाची कागदपत्रं सुमारे दोन महिने आधी द्यावी लागतात. दिवे बसले आणि कागद राहिला, म्हणून चक्र चुकून महिना वाया जातो.

अग्निशमनाचं थोडक्यात. एटीआर-७२ साठी श्रेणी ५, बी दर्जाच्या फोमला ५,४०० लिटर पाणी. ए-३२० साठी ६, पाणी ७,९०० आणि गाड्या दोन. ए-३२१ आलं की ७, पाणी १२,१००, गाड्या दोनच. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या तीन महिन्यांत ७०० पेक्षा कमी उड्डाणं-उतरणं असतील तर एक श्रेणी खाली चालतं. रोज एक विमान म्हणजे तीन महिन्यांत १८०, त्यामुळे घाईने मोठी गाडी घेण्याआधी हे गणित करावं. गाडी तीन मिनिटांत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचली पाहिजे. तो रस्ता ओला असताना घड्याळ लावून पाहावा.

टर्मिनलला छप्पर उतरतं, बाहेर रुंद पडवी आणि पन्हळ मोठे असावेत. काचेची दर्शनी भिंत पश्चिमेला केली तर पाऊस आडवा घुसतो आणि उन्हाळ्यात एसीचं बिल.

आणि मेच्या शेवटी विंडसॉकचे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबावरच्या पिशवीचे, दोन नवे कापडी नळे आणून ठेवावेत. ३.६ मीटर लांबीचा नळा खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात एका हंगामात चिंध्या होतो. तो फाटतो नेमका वादळी दिवशी, आणि त्या दिवशी खांबावर चढून बदलता येत नाही. खाली ओढता येणारा, बिजागरीचा खांब घेतला तर येतो.