६५ रेघा आणि आप्पांचा प्रश्न

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरचं माझं पहिलं मतदान २०२४च्या नोव्हेंबरमधलं. कॅलिफोर्नियात केंद्रावर जाऊन रांग लावायलाच हवी असं नाही. नोंदणी चालू असलेल्या प्रत्येक मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते. मतदान ५ नोव्हेंबरला होतं आणि ७ ऑक्टोबरलाच फोन वाजला: तुमची मतपत्रिका टपालात दिली आहे. 'व्हेअर्ज माय बॅलट' ही राज्याची फुकट सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की पाकिटाची खबर मेसेजवर येत राहते.

खबर आली, पाकीट मात्र दिसेना. शनिवारी, १२ तारखेला, मी दुसरी मतपत्रिका मागवायला निघाले होते. तेवढ्यात आठवलं, इथलं टपालखातं आज पेटीत काय येणार त्याचे राखाडी फोटो रोज सकाळी ईमेलने पाठवतं. जुने ईमेल चाळले. गुरुवारच्या फोटोत माझं पाकीट होतं! म्हणजे ते घरी आलेलं होतं. शेवटी सापडलं रद्दीच्या डब्यात, उमेदवारांच्या चकचकीत पत्रकांच्या आणि किराणा दुकानाच्या कूपनांच्या मधोमध. तिथे ते कुणी टाकलं हा विषय आमच्याकडे आजही काढत नाहीत.

त्या संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आप्पा साताऱ्याला असतात, वय ८६. शाळामास्तर होते, त्यामुळे निवडणुकीच्या कितीतरी ड्युट्या केलेल्या. मी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरल्यावर त्यांनी आधी पत्त्याजवळचा बारकोड हेरला.

"हे काय गं, कंगव्याचे दात पडल्यासारखं?"

मलाही तेवढंच माहीत होतं. मग रात्रभर वाचत बसले. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा हा बारकोड नसतो. तिथे रेघांची जाडी बदलते, इथे उंची. ६५ रेघा, आणि प्रत्येक चारांपैकी एका प्रकारची: पूर्ण, नुसती वर गेलेली, नुसती खाली गेलेली किंवा मधलं बुटकं खुंट. एवढ्यात ३१ आकडे बसतात. पहिल्या २० आकड्यांत हे टपाल कुठल्या प्रकारचं, पाठवणारा कोण आणि त्या पाकिटाचा स्वतःचा क्रमांक. उरलेल्या ११ आकड्यांत पत्ता, तोही पिनकोडपुरता नाही, थेट घरापर्यंतचा. मतपत्रिकांसाठी टपालाच्या प्रकाराचा वेगळा आकडा आहे, त्यामुळे लाखो पत्रांत ही पाकिटं ओळखू येतात. मला आलेल्या पाकिटावर एक बारकोड आणि परत पाठवायच्या पाकिटावर दुसरा. जाताना एक नंबर, येताना वेगळा.

दुसऱ्या दिवशी हे सगळं आप्पांना ऐकवलं. ते गप्प राहिले, आणि मग मास्तरी आवाजात म्हणाले, "नंबर तुझा, मत तुझं. मग गुप्त मतदान कुठं राहिलं?"

प्रश्न बिनतोड वाटला. मी मतपत्रिका उलटीपालटी करून पाहिली. माझं नाव, सही, माझा नंबर, काहीच नाही त्यावर. हे सगळं फक्त बाहेरच्या पाकिटावर. आधी सही तपासतात, ती पटली की पाकीट उघडून मतपत्रिका बाजूला काढतात, आणि त्यानंतर कुठलं मत कोणाचं ते कुणालाच सांगता येत नाही. आप्पांना हे लगेच पटलं. "आमचंही तसंच," म्हणाले. आपल्याकडच्या टपाली मतदानात मतपत्रिका छोट्या पाकिटात, नमुना १३-ब मध्ये बंद करतात, सहीचं घोषणापत्र वेगळं, आणि दोन्ही मोठ्या १३-क पाकिटात. बारकोडचा नवखेपणा सोडला तर जुनीच युक्ती.

२१ ऑक्टोबरला मी पाकीट टपालपेटीत टाकलं. तिकीट लावावं लागत नाही, परतीचा खर्च भरलेला असतो. दुसऱ्या रात्री मेसेज आला की पाकीट वाटेवर आहे. मग बुध, गुरु, काहीच नाही. मी दर दोन तासांनी फोन बघत होते. कुरिअरच्या सवयीने आपल्याला वाटतं, पाकीट कुठे आहे ते बारकोड सतत सांगत असतो. तो मुका असतो. छाननीच्या यंत्राखालून जाताना यंत्र तो वाचतं आणि नोंद होते, तेवढंच. गाडीत, पोत्यात, टेबलावर पडलेला असताना नोंद होणार कशी? माझ्या मैत्रिणीने तर निवडणूक कार्यालयाच्या पेटीत पाकीट टाकलं. ते टपालाच्या यंत्राखाली गेलंच नाही, म्हणून तिला वाटेतला एकही मेसेज नाही, एकदम 'मिळाली' आला. शेवटच्या दिवशी टपालाने पाठवणाऱ्यांनी मात्र खिडकीवर जाऊन हाती शिक्का मारून घ्यावा हे बरं. कारण ५ तारखेचा शिक्का असेल तर १२ पर्यंत पोचलेलं पाकीट धरतात, आणि पेटीतलं पाकीट शिक्क्याच्या यंत्रापर्यंत कधी जाईल ते आपल्या हातात नाही.

शुक्रवारी माझाही 'मिळाली' आला. हुश्श केलं. आणि २९ तारखेला पुढचा: सही जुळत नाही.

ही चूक सर्वस्वी माझी. पहिलं मत म्हणून मी थाटात, सावकाश, मराठीत सही केली होती, साताऱ्याच्या बँकेत करते तशी. मतदार नोंदणी मात्र ऑनलाइन केलेली, आणि तिच्यासाठी सही उचलली जाते वाहन परवान्याच्या दफ्तरातून. तिथे मी इलेक्ट्रॉनिक पाटीवर घाईत एक इंग्रजी गिचमीड ओढली होती. दोन्ही सह्या माझ्याच, पण तपासणाऱ्याने काय समजायचं? सहीबद्दलचा एक पानी खुलासा भरायला आला. परवाना समोर ठेवून ती गिचमीड गिरवली, फोटो काढून ईमेलने पाठवला. ८ नोव्हेंबरला मेसेज आला: मोजली.

मी आप्पांना कळवलं. त्याच आठवड्यात महाराष्ट्र विधानसभेसाठी त्यांचंही मत झालं, घरी बसून. ८५ वर्षांवरच्यांनी नमुना १२-ड भरला की पथक घरी येतं. व्हिडिओ काढणारा, अधिकारी, पोलीस, सगळा लवाजमा. वहिनीने सगळ्यांना चहा केला. पाकीट घेऊन पथक गेलं.

"आप्पा, तुमच्या पाकिटाचा काही नंबर दिला का? कळणार कसं?"

"बघू की."

महाराष्ट्राची मोजणी २३ नोव्हेंबरला. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आमच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. मी ऑफिसातून गाडीकडे चालले होते, तोच आप्पांचा फोन आला. मागे टीव्हीचा आवाज मोठा.

"टपाली मतं आधी घेतात," ते म्हणाले. "आता माझं पाकीट उघडत असतील. ठेव फोन."