कातळकिनाऱ्यावरच्या डबक्यांसाठी आखलेली पायवाट

मुंबईहून येणाऱ्या भाचरांना कातळकिनाऱ्यावरची डबकी, म्हणजे ज्यांना हल्ली टाइड पूल म्हणतात ती, दाखवायचे ठरले तेव्हा मी सर्वांत आधी पंचांग उघडले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून, झाडीतली एक पाखाडी (पायऱ्यांची वाट) थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उतरते आणि चालायला पाऊण तास पुरतो. पण भरतीच्या वेळी तिथे पोहोचले तर नुसता पाण्याखालचा कातळ दिसतो. त्यामुळे सहलीचा दिवस आपल्या रजेवरून नव्हे, तर तिथीवरून ठरवावा लागतो.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. पौर्णिमा किंवा अमावास्या धरली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. त्या दिवसांत उधाण असते, पाणी खूप मागे जाते, पण पहाटे काळोखात मुलांना झाडीतून उतरवणे मला मान्य नव्हते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा वेळ कोणतीही असली तरी पाणी फारसे हटत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून उधाणाचा जोर टिकून असताना उजेडातली ओहोटी हवी असेल तर द्वितीया-तृतीया उत्तम. मार्गशीर्ष वद्य तृतीयेला भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी सव्वाआठला येत होती. पाऊणपटीचा हा हिशेब ढोबळ आहे आणि दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक तक्त्यांशी वेळ आणि पाण्याची उंची ताडून पाहिली. सकाळची वेळ आणखी एका कारणाने मला पसंत पडते: आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन डोंगरामागून येते, कातळावर बराच वेळ सावली राहते आणि डबक्याचा तळ चमक न मारता स्पष्ट दिसतो.

वाटेची चौकशी मी शेजारच्या काकींकडे केली. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कातळावरची कालवे (एक प्रकारचे शिंपले) काढायला त्या वर्षानुवर्षे त्याच पाखाडीने उतरतात. त्यांनी वाटेपेक्षा पाण्याबद्दलच अधिक सांगितले. “बाय, पाणी समोरून येताना दिसत नाय, बगलेच्या घळीतून येतं आणि मागची वाट आधी बुडते,” असे त्या म्हणाल्या, आणि कोणती घळ आधी भरते तेही त्यांनी नेमके सांगितले. भरतीच्या साधारण सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी चढते, हे मला वाचून ठाऊक होते. त्यांच्या सांगण्याने ते आमच्या कातळावर कसे घडते हे समजले. म्हणून साडेसातला खाली पोहोचायचे, पाणी उतरत असताना त्याच्यामागून कडेपर्यंत जायचे आणि नऊच्या आत घळीच्या अलीकडे परतायचे, असे मी ठरवले.

जंगलासाठी तयारी थोडीच, पण काटेकोर लागते. जांभ्याच्या सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो. तो लहान आणि दगडाच्या रंगाचा असल्यामुळे नजर चुकवतो. सर्वांना बंद बूट घालायला लावले, दगडाखाली हात घालायला सक्त मनाई केली आणि सर्पदंशावरची लस असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते याची चौकशी आधीच करून ठेवली. ऐन-किंजळीच्या सावलीतून आणि करवंदाच्या जाळ्यांमधून उतरत शेवटी वहाळाकाठच्या केवड्याशी वाट संपते. तिथे पालापाचोळा ओला असल्याने मुलांचे हात धरावे लागले.

खाली आल्यावर मी एकच नियम सांगितला: उभे राहून भराभर पाहायचे नाही, एका डबक्याशी बसायचे. परातीएवढ्या एका डबक्यात आधी काहीच दिसेना. थोड्या वेळाने एक शंख चालू लागला आणि त्यातून खेकड्याचे पाय बाहेर आले. हा साधू खेकडा स्वतःचा शंख तयार करत नाही, मेलेल्या गोगलगाईचा शंख वापरतो. म्हणूनच किनाऱ्यावरचे रिकामे शंख खिशात भरू नयेत, हे भाचीला वेगळे समजवावे लागले नाही. कडेच्या कातळाला झोअँथिडचे, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जिवांचे, हिरवट-तपकिरी थर होते, पाण्यात उघडे आणि पाणी ओसरलेल्या भागात मिटलेले. त्यांच्या काही जातींत तीव्र विष असते, शिवाय बुटाखाली ते चिरडतात. म्हणून पाय फक्त कोरड्या, मोकळ्या कातळावर ठेवायचा. दगड उलटायचे नाहीत, कारण त्याखालच्या जिवांना ऊन सोसत नाही. प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याचा तुकडाही उचलता येत नाही.

नऊला दहा मिनिटे असताना काकींनी सांगितलेल्या घळीत पाण्याची पहिली जीभ आलेली दिसली. मुलांना अजून थांबायचे होते, पण समोरचा कातळ पूर्ण उघडा असूनही मी सर्वांना मागे फिरवले. पुढच्या वेळी आईला न्यायचे आहे. तिच्यासाठी फाल्गुन वद्य तृतीया पाहिली आहे: ओहोटी याच सुमारास, सूर्योदय थोडा लवकर, त्यामुळे पाखाडी उतरायला उजेडातला वेळ अधिक मिळेल, आणि चढताना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून कातळावरून साडेआठलाच निघायचे.