माथ्याच्या अलीकडे

तारानाकी या डोंगराची आमची पहिली खेप त्याच्यावरच्या लाकडी पायऱ्यांपर्यंतही पोचली नाही. जानेवारीचा शेवटचा आठवडा, म्हणजे न्यूझीलंडमधला ऐन उन्हाळा. ऑकलंडहून पाच तास गाडी चालवून आदल्या रात्री न्यू प्लिमथला मुक्काम केला होता. सकाळी गावात लख्ख ऊन होतं आणि 1,500 मीटरवरच्या ताहुरांगी लॉजपाशी वारा असा, की भाच्याला आणि मला एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. वरचा डोंगर ढगात गेला होता. "मावशी, अर्धा तास थांबू, उघडेल," तो म्हणाला. वीस मिनिटं भिंतीच्या आडोशाला थांबलो. ढग आणखी खाली सरकला आणि आम्ही उतरायला लागलो. गाडीपाशी पोचलो तेव्हा तिथे अजून ऊनच होतं, आणि ऑकलंड येईपर्यंत तो फारसा बोलला नाही.

त्याचं वाईट वाटणं मला समजत होतं. बावीस वर्षांचा मुलगा, नाशिकला असताना दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. मीही तिथलीच. अंजनेरी, हरिहर, साल्हेर यांच्यावरच पाय तयार झाले. पण परत फिरण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन, आणि त्याचं कारण या डोंगराच्या आकारात आहे.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा पातळ होता, थरावर थर पसरत गेला आणि नंतर पाण्यापावसाने कापला. म्हणून आपल्याकडे उभे कातळकडे, त्यांच्यावर सपाट माथे, मध्ये माच्या. तारानाकीचा लाव्हा अँडेसाइटचा, घट्ट. तो लांबवर वाहत नाही, तोंडाच्या आसपासच साचतो आणि राखेबरोबर ढीग रचत जातो. त्यातून हा 2,518 मीटरचा शंकू उभा राहिला आहे, आणि शेवटचा उद्रेक 1800 सालाच्या आसपासचा, म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हाचा. ज्वालामुखी अजून जिवंत मानला जातो. वरच्या भागातला दगड इतका नवा आहे की त्याला झाडांच्या मुळांनी, मातीने बांधून ठेवलेलं नाही. पाय ठेवला की हलतो.

शिवाय शंकूवर चुकणं फार सोपं. वर सगळ्या धारा एका जागी येतात, खाली त्या चारी दिशांना फाकतात. धुक्यात माथ्याजवळ दहा पावलं चुकीच्या अंगाला गेलात, तर पायथ्याशी ती चूक काही किलोमीटरची होते, आणि मध्ये कडे आणि घळया. डोंगर एकटा, टास्मन समुद्राजवळ. समुद्रावरून येणारं ढग-वारं पहिलं त्यालाच धडकतं. आजवर इथे ऐंशीहून जास्त माणसं गेली आहेत. खाली गावात उन्हात उभं राहून हा डोंगर सोपा दिसतो, हीच त्याची धोक्याची बाजू आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या खेपेसाठी आम्ही तारीख ठरवली नाही, फक्त फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात मोकळी ठेवली. डोंगरासाठीचा वेगळा हवामान अंदाज रोज बघायचा. त्यात 2,000 मीटरच्या वरचा वारा आणि शून्य अंश कितव्या उंचीला येतो, या दोनच ओळी मी आधी वाचायचे. शहराचा अंदाज इथे काही कामाचा नाही. सॅटेलाइटवर संकेत पाठवणारं बीकन भाड्याने घेतलं. ऑकलंडच्या मैत्रिणीला वाट, गाडीचा नंबर, निघायची वेळ सगळं लिहून पाठवलं आणि सांगितलं, "रात्री नऊपर्यंत माझा फोन आला नाही, तर 111 ला कळव. थोडा वेळ वाट बघू असं करू नकोस." हेल्मेट, कामाचे जाड हातमोजे (इथला दगड तळहात सोलतो), माणशी तीन लिटर पाणी, कारण वाटेत भरवशाचं पाणी नाही. उन्हाळा असूनही लोकरीची टोपी आणि वाऱ्याचं जॅकेट. आणि परत फिरायची वेळ ठरवली: दुपारी एक. जिथे असू तिथून.

आदल्या संध्याकाळी नॉर्थ एग्मॉन्टच्या माहिती केंद्रात गेलो. टेबलामागच्या बाईंनी बर्फाची आणि वाऱ्याची माहिती दिली, आणि मग शांतपणे आणखी एक गोष्ट सांगितली. तारानाकी हा इथल्या माओरी लोकांचा पूर्वज आहे. शिखर म्हणजे त्याचं डोकं. तेव्हा कृपा करून अगदी वरच्या दगडावर उभे राहू नका. वर मुक्काम नको, स्वयंपाक नको, घाण नको.

डोकं म्हणजे माथा. मी ते भाच्याला मराठीत सांगायला गेले आणि मला काही वेगळं समजावून सांगावंच लागलं नाही. आपल्या भाषेत डोंगरालाही माथा असतो आणि माणसालाही.

त्यातून आम्ही नाशिकचे. वणीच्या सप्तशृंगी देवीचं देऊळ कड्याच्या कुशीत आहे आणि त्याच्या वर जे शिखर आहे, तिथे कोणी जात नाही. चैत्राच्या उत्सवात त्या टोकावर झेंडा लागतो, तो लावायचा मान दरेगावच्या एका घराण्याचा. बाकी हजारो भाविक खालून मान वर करून बघतात. लहानपणी मला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्यालाही तिथे जायला मिळायला हवं होतं. ते टोक आपलं नव्हतं, इतकंच.

तारानाकीच्या बाबतीत हे असं सहज राहिलं नाही. 1839 साली अर्न्स्ट डीफेनबाख हा जर्मन निसर्ग-अभ्यासक आणि जेम्स हेबरली वर पोचले, तेव्हा त्यांच्याबरोबरचे माओरी वाटाडे बर्फाच्या रेषेपाशी थांबले होते. पुढची जागा त्यांच्यासाठी तापू होती, म्हणजे पवित्र, आणि म्हणून पाऊल न टाकायची. 1865 मध्ये वसाहतीच्या सरकारने युद्धाच्या काळात इथली जमीन जप्त केली, त्यात डोंगरही गेला. त्याआधी 1770 मध्ये कॅप्टन कुकने त्याला एग्मॉन्ट हे एका इंग्रज सरदाराचं नाव देऊन टाकलंच होतं. जानेवारी 2025 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून तारानाकीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला आणि अधिकृत नाव फक्त तारानाकी मौंगा राहिलं. मौंगा म्हणजे डोंगर. 'ते उरेवेरा' नावाच्या जंगलाला 2014 मध्ये आणि वांगानुई नदीला 2017 मध्ये असाच दर्जा मिळाला होता. ती नदी या डोंगराचीच, असं माओरी कथा सांगते. तारानाकी पूर्वी बेटाच्या मधोमध, इतर ज्वालामुखींच्या शेजारी राहायचा. पिहांगा नावाच्या डोंगरीवरून त्यांतल्या टोंगारिरोशी त्याचं भांडण झालं, तो हरला आणि समुद्राकडे निघून आला. जाताना जमिनीला जी चर पडली, तीतून वांगानुई वाहते.

पहाटे पावणेसहाला डोक्यावर दिवे लावून निघालो. वाहनतळ साधारण 950 मीटरवर. तिथून माथ्यापर्यंत 1,570 मीटर चढायचं. कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर आहे, त्यावरून अंदाज यावा. सुरुवातीला शेवाळलेल्या, वाकड्यातिकड्या झाडांचं जंगल, मग 'पफर' नावाचा सरळ, दम काढणारा गाडीरस्ता. साडेसातला लॉज. तिथे शेवटचं शौचालय आहे, ते वापरूनच पुढे जायचं हे आधीच ठरलेलं. या वेळी वारा नव्हता. खाली ढगांची गादी आणि तिच्यावर डोंगराची त्रिकोणी सावली समुद्रापर्यंत गेलेली.

लाकडी पायऱ्या संपल्या आणि घसारा सुरू झाला. सह्याद्रीतला घसारा मला माहीत आहे, मुरमाचा, उन्हाळ्यात बुटाखाली भाताच्या दाण्यांसारखा सरकणारा. हा त्याचा थोरला भाऊ. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. वाट दाखवणारे खांब सोडायचे नाहीत, मोठे रुतलेले दगड शोधत त्यांच्यावर पाय द्यायचा, आणि घाई करायची नाही. भाचा सुरुवातीला ताकदीने चढत होता. दहा मिनिटांत धापा टाकायला लागला. "पाय आपटू नकोस, ठेव," मी म्हटलं. पुढे तोच लय धरून माझ्यापुढे गेला.

पावणेदहाच्या सुमारास 'लिझर्ड' नावाच्या धारेच्या पायथ्याशी आलो. इथून हात लागतात. काठ्या सॅकला बांधल्या, हेल्मेटचे पट्टे आवळले. दोन पाय आणि दोन हात यांतले तीन कायम दगडावर, चौथा शोधत. कठीण चढाई म्हणता येणार नाही, हरिहरच्या पायऱ्यांवरून खाली बघताना जास्त भीती वाटते. पण हरिहरचा कातळ आपल्याला धरून ठेवतो, इथे प्रत्येक पकड तपासून घ्यावी लागते. माठ विकत घेताना बोटाने वाजवून बघतात, तसं मी मुठीने प्रत्येक दगड ठोकत होते. आवाज भरीव आला तर तो धारेचा भाग. बद्द आला तर तो नुसता ठेवलेला आहे. एक दगड, चांगला उखळाएवढा, हात लावताच पडायला आलेल्या दातासारखा हलला. तो तसाच सोडून बाजूने गेले. धरायचा दगड आपल्याकडे ओढायचा नाही, खाली दाबायचा. हे मला माझ्या पहिल्या शिकवणाऱ्याने अंजनेरीवर सांगितलं होतं, पंचवीस वर्षांनी इथे कामाला आलं.

धारेच्या मध्यावर भाच्याच्या पायाखालून नारळाएवढा दगड सुटला. "रॉक! रॉक!" मी ओरडले, तोही ओरडला. खाली तीसेक मीटरवर एक जोडपं चढत होतं. दोघांनी वर न बघता अंग धारेला चिकटवलं, दगड एकदा आपटला, उडाला आणि त्यांच्या डावीकडून घसाऱ्यात गेला. त्याचा खणखणाट बराच वेळ येत राहिला. भाच्याचे ओठ पांढरे पडले होते. आम्ही रुंद जागा बघून थांबलो, त्या दोघांना वर येऊ दिलं, त्याने त्यांची माफी मागितली. त्या बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. त्यानंतर आम्ही कोणाच्याही थेट वर किंवा थेट खाली चढलो नाही. शक्य तिथे तिरपे, नाहीतर एक थांबलेला आणि एक चालता.

धारेच्या वरच्या टोकाशी डबा खाल्ला. पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, सांडलेला कण न् कण पिशवीत. मग विवरात शिरलो. फेब्रुवारी संपत आला तरी आत मळकट बर्फाचा पट्टा होता. कडेने, आधीच्या पावलांत पाय ठेवत गेलो. समोर शेवटचा खडक. सव्वाअकरा वाजले होते, अंगात ताकद होती, वेळ होता, आकाश मोकळं होतं.

वर चार-पाच जण उभे होते, फोटो काढत होते. भाचा त्यांच्याकडे बघत राहिला.

"सगळेच चढतायत, मावशी."

"हो."

"आपण इतक्या लांबून दोनदा आलो."

"तुझं तू ठरव. मी इथेच बसते."

त्याला हुकूम करायचा नव्हता. तिथे कोणी पहारा ठेवलेला नाही, दंड नाही, ही नुसती विनंती आहे, आणि विनंती ज्याची त्याने ऐकायची असते. तो थोडा पुढे गेला, खडकाच्या मुळाशी उभा राहिला. मग त्याने हातमोजा काढला, खडकाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला. वणीच्या गडावर शेवटच्या पायरीला आम्ही सगळेच तसं करतो. पूर्वेला दूर रुआपेहू डोंगरावर पांढरी रेघ दिसत होती, तारानाकी जिथून निघून आला त्या बाजूला. अर्धा तास बसलो असू.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड होतं. इथे चुका होतात त्या उतरताना, कारण मन गाडीपाशी पोचलेलं असतं. लिझर्डवर तोंड डोंगराकडे करून, पायाने चाचपत. घसाऱ्यावर उलट: तोंड दरीकडे, गुडघे सैल, टाच रोवायची आणि दगडांबरोबर थोडं सरकू द्यायचं. मागे रेललात की पाय निघालाच. मी एकदा निघाले, दोन-तीन मीटर बसून घसरले, हातमोज्याचा तळवा फाटला, हात वाचला. तिथे पाच मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, गुडघ्यांची थरथर जाऊ दिली. सव्वातीनला लॉज, पावणेपाचला गाडी. आधी मैत्रिणीला फोन, मग बूट काढले. प्रत्येक बुटातून मूठभर काळी खडी निघाली. ती आम्ही तिथेच, वाटेच्या कडेला ओतली, डोंगराची डोंगराला.

रात्री भाच्याने नाशिकला फोटो पाठवले. विवराच्या कडेला बसलेले आम्ही दोघे, मागे मोकळा खडक. माझ्या आईचा लगेच फोन आला. तिने आधी आमच्या हातापायांची चौकशी केली, मग विचारलं, "त्या मागच्या टोकावर कोण जातं रे? तिथे झेंडा लावायचा मान कोणाचा?"

"कोणाचाच नाही गं आजी," भाचा म्हणाला. "तिथे काही लावत नाहीत. ते तसंच ठेवायचं."

"बरं," आई म्हणाली, आणि त्याने जेवायला काय केलंय ते विचारायला लागली.