तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅपवरून नमाज शिकता येते का?

"आपा, मोबाईलवर बघून नमाज शिकले तर चालेल का?" हे मला बऱ्याच जणी विचारतात. कुणी लहानपणी मकतबात, म्हणजे कुरआन शिकवणाऱ्या शाळेत, गेलेलीच नसते, कुणी नोकरीसाठी पुण्यात एकटी राहते, कुणी नव्यानेच या वाटेला लागलेली असते. आपल्याकडे बहुतेक मशिदींत बायकांना जागा नाही. घरात आई-खाला शिकवणारी नसेल तर जायचं कुणाकडे? म्हणून अ‍ॅपचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. चालेल, जरूर चालेल. फक्त अ‍ॅप कुठवर साथ देतं, ते ओळखून असा.

अ‍ॅप घेतल्यावर आधी सेटिंग उघडा. मी मूळची रत्नागिरीकडची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी; नमाजेच्या रीती सांगणारी ही दोन मतं. शाफई मतात वस्तूची सावली, भर दुपारची मूळ सावली सोडून, तिच्या उंचीएवढी झाली की असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, वेळ लागते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. त्यामुळे एकाच गावात अ‍ॅप असरच्या दोन वेगळ्या वेळा दाखवू शकतं. फज्रचं, म्हणजे पहाटेच्या नमाजेचंही तसंच. आपल्याकडे चालणाऱ्या कराची पद्धतीत सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर असताना फज्र सुरू होते, उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत 15 अंशांवर. चुकून ती दुसरी पद्धत निवडलेली राहिली तर फज्र दहा-पंधरा मिनिटं उशिरा दिसते, आणि रमजानमध्ये त्या भरवशावर सहरी खात बसाल तर रोजा धोक्यात येतो. शंका आली की जवळच्या मशिदीचा तक्ता प्रमाण माना. किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा, मुंबईहून साधारण 280 अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. मोबाईलच्या कव्हरात लोहचुंबक असेल किंवा शेजारी लोखंडी कपाट असेल तर काटा भलतीकडे वळतो, हेही ध्यानात ठेवा.

खरा गोंधळ व्हिडिओपाशी होतो. एका अ‍ॅपमधला माणूस रुकूत, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना हात वर उचलतो, दुसऱ्यातला फक्त सुरुवातीच्या तकबीरला, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणताना. एकजण फज्रच्या दुसऱ्या रकातीत (नमाजेच्या फेरीत) रुकूनंतर उभा राहून कुनूतची दुआ पढतो, दुसरा सरळ सजद्यात, कपाळ जमिनीला टेकायला, जातो. नवी मुलगी घाबरते, आपलं काही चुकतंय असं तिला वाटतं. दोन्ही बरोबर आहे. पहिली रीत शाफई, दुसरी हनफी. सुरुवातीला एकच रीत धरा, बाकीचं नंतर समजत जाईल.

आणि आता मला मनापासून सांगायचंय ते. मालिक बिन हुवैरिस आणि त्यांचे तरुण सोबती वीस रात्री पैगंबरांकडे मदिनेत राहिले होते. निघताना पैगंबरांनी त्यांना सांगितलं, मला जशी नमाज पढताना पाहिलंत तशी पढा. बुखारी या हदीससंग्रहात ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. नमाज ही अशी पाहून शिकायची गोष्ट आहे, आणि शिकणाऱ्याकडेही कुणीतरी पाहावं लागतं. सजद्यात सात अवयव जमिनीला टेकले पाहिजेत: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. नवखीची बोटं हमखास वर उचललेली असतात. तिला ते कळतच नाही, कारण तिचं कपाळ जमिनीला असतं. मागे बसलेली बाई हलकेच बोटं दाबून देते आणि ते कायमचं लक्षात राहतं. हे काम अ‍ॅप कसं करणार?

उच्चारांचंही तेच. देवनागरीत लिहिलेलं अलहम्द शरीफ, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, पाठ करायला सोपं, पण 'रहमान'मधला ह घशातून येतो आणि 'इह्दिना'मधला साधा, हे अक्षरांवरून दिसत नाही. कारीचा, म्हणजे कुरआन शुद्ध पढणाऱ्याचा, आवाज लावा, एक आयत ऐका, थांबवा, म्हणा. सातच आयती आहेत. काही अ‍ॅप आता तुमचं पठण ऐकून गाळलेला शब्द दाखवतात, त्याचा उपयोग करा. तरी आठवड्यातून एकदा कुणाला तरी म्हणून दाखवाच; फोनवरून दाखवलंत तरी चालेल. अडखळता म्हणून लाजू नका. अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य), असं हदीसमध्ये आहे.

लोकेशनची परवानगी मात्र जपून द्या. 2020 साली एका लोकप्रिय नमाज अ‍ॅपच्या वापरकर्त्यांची ठिकाणं माहितीच्या बाजारात पोचत असल्याची बातमी आली होती. शहराचं नाव हाताने टाकलं तरी वेळा बरोबर मिळतात.

सुरुवात फज्रच्या दोन फर्ज (बंधनकारक) रकातींपासून करा. अलहम्द, कुल हुवल्लाहु ही छोटी सूरह, रुकू-सजद्यात म्हणायच्या तसबीह, बसून म्हणायचे अत्तहियात आणि दरूद, एवढं पाठ झालं की त्या दोन रकाती तुमच्या. मग सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन, मग चार-चारच्या. रात्रीची वित्र नमाज आणि बाकीच्या दुआ सावकाश येऊ द्या. फोन जानमाजपासून (नमाजेच्या चटईपासून) लांब ठेवा. हनफी मताचे इमाम अबू हनीफा यांच्या मते नमाजेत बघून पढलं तर नमाज होत नाही. पुण्यात असाल आणि जवळ कुणीच नसेल, तर मला कळवा. आपण शेजारी शेजारी उभ्या राहून पढू.